तीन तोंडांची बंदूक

आज पहाटे वसतिगृहावरून करकोचे गेले. धुकं होतं, त्यामुळे दिसले नाहीत. पण तो आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. वंगण नसलेल्या दहा-वीस बैलगाड्या आभाळातून चालल्या आहेत असं वाटतं. माझ्या खोलीतला सेडमचा मित्र गोधडीतून तोंड बाहेर काढून कानडीत म्हणाला, हे काय आहे? मी म्हणालो, आमच्याकडचे पाहुणे. त्याने गोधडी पुन्हा डोक्यावर घेतली. मी प्रकाशाच्या धड्यावर बोट ठेवून बसलो होतो, ते बोट तिथेच राहिलं.

अशा गोष्टीवर काही लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. पण पौष लागला, गुलबर्ग्याच्या बाजारात कोवळ्या जोंधळ्याची कणसं आली, की माझं मन अभ्यासात राहत नाही. ते म्हैसूर सरकारच्या लाल बसमध्ये बसून कोहिनूरच्या फाट्यावर उतरतं आणि तिथून पायवाटेने आमच्या रानात जातं.

आमचं रान म्हणजे तळ्याच्या काठची पट्टी. काळीभोर, ओल धरणारी. त्या दिवसांत तिथे हरभरा घाट्यावर आलेला असतो. सकाळी त्यातून चाललं की पोटऱ्यांना आंब लागते. हरभऱ्याच्या पानांवरचं ते आंबट दव सुरुवातीला थंड लागतं, मग चुणचुणतं. लहानपणी मी बोट पानांवरून फिरवून चाटत असे, आणि माय ओरडत असे की दुसऱ्याच्या रानातलं चाटू नये. आता रान आमचं आहे. तरी पहिल्या वर्षी सवयीने मी आधी इकडे तिकडे बघून घेतलं आणि मगच बोट चाटलं.

ती पट्टी आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माणिकअप्पांकडून विकत घेतली. त्याआधी कित्येक वर्षं ते त्याच मातीत माणिकअप्पांचे सालगडी होते. अप्पांनी जमीन दिली तेव्हा गावाला वाटलं, अप्पांचं मन मोठं. पौषात उलगडा झाला. तळं जवळ, हरभरा कोवळा, बसायला मोकळी जागा. उत्तरेकडून आलेले करकोचे पिढ्यान्‌पिढ्या त्याच पट्टीत उतरत होते. जमीन विकली गेली हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

करकोचा पाहिला नसेल त्याच्यासाठी सांगतो. कमरेएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, काळा गळा, कानामागे पांढऱ्या पिसांचा तुरा. चालतो असा की तलाठी मोजणीला आला आहे. एकेक घाटा बघून, पारखून, मान वाकडी करून खातो. बाजारातले मुसलमान लोक त्याला कुलंग म्हणतात, आणि नुसतं नाव घेतलं तरी त्यांच्यातले म्हातारे डोळे मिटतात, कारण त्यांनी तो निजामाच्या काळात खाल्लेला असतो.

त्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची सहामाही देऊन सुट्टीत घरी आलो होतो. आल्या आल्या मायने सांगितलं की हरभऱ्याचा एक कोपरा गेला. आबा कमीच बोलतात. पण मला कळत होतं. स्वतःच्या मातीतलं ते त्यांचं पहिलं पीक होतं. कोहिनूरच्या बाजारात कोणीतरी त्यांच्यासमोरच म्हणालं होतं की सालगड्याला नांगर धरता येतो, शेती करता येत नाही. आबांनी ते ऐकून घेतलं होतं आणि घरी येऊन बांधावरचं गवत उपटत बसले होते. हरभरा घरी आला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसरी गोष्ट त्याच्या आड येत होती. आबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून पहिलं शील अक्षरशः पाळलं आहे. जीव घ्यायचा नाही, म्हणजे कुठलाच नाही. घरात विंचू निघाला तर ते त्याला चिमट्याने तांब्यात घालतात, वर ताटली ठेवतात आणि बांधापर्यंत सोडून येतात. माय दारातून बघत असते. एकदा ती म्हणाली, "तुमचा धम्म त्या इच्चवाला ठावं हाय का?" आबा म्हणाले, त्याला नसला तरी आपल्याला आहे ना. त्यावर मायने उंबऱ्यापाशी जोडा ठेवायला सुरुवात केली. आबा झोपलेले असले की त्या जोड्याचा उपयोग होतो असा मला संशय आहे, पण मी कधी विचारलं नाही.

तर करकोचे उडवायचे आणि त्यांना इजाही करायची नाही, असा तो पेच होता. आबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, पण गोफणीत दगड घालायचे नाहीत, ढेकूळ घालायचे. ढेकूळ अर्ध्या वाटेत फुटायचं आणि पक्ष्यांवर मऊ माती पडायची. माय म्हणाली, उडायचं सोडून ती धुळीत न्हायलीत की. मग मी माझा जुना सदरा आणि फाटकी विजार घालून बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी एक करकोचा त्याच्या शेजारी एका पायावर उभा होता, दोघं गप्पा मारत असल्यासारखे.

अशात माणिकअप्पांची बंदूक आली.

माणिकअप्पा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी. पांढऱ्या मिश्या, आवाज मोठा, मन मध्यम. जमिनीचा व्यवहार झाल्यापासून त्यांच्यापुढे एक अडचण होती. आबांना पूर्वीसारखं 'ए सट्या' म्हणता येईना आणि 'सटवाजी' तोंडातून निघेना. त्यांनी मधला मार्ग काढला. ते आबांना 'शेजारी' म्हणू लागले. मला ते 'कॉलेज' म्हणत.

पीक राखणीसाठी म्हणून अप्पांनी लायसन काढलं होतं आणि हैदराबादला कुठल्याशा नवाबाच्या वाड्यातलं सामान विकायला निघालं होतं, तिथून ही एकनळी बंदूक आणली होती. तिच्याबरोबर मखमलीची एक पेटी होती. पेटीत बोटभर लांबीची तीन पोलादी नळकांडी, बाहेरून आटे पाडलेली, आणि एक चावी. नळकांडं बंदुकीच्या तोंडात फिरवून बसवायचं. विकणाऱ्याने सगळं नीट समजावून दिलं होतं. अप्पा त्याची नक्कल करून सांगत: "एक में छर्रे फैल को जाते, एक में मिल को जाते, एक बीच का है." म्हणजे एकातून छर्रे पसरतात, दुसऱ्यातून घट्ट गठ्ठ्याने जातात, तिसरं मधलं. अप्पांना हे पूर्ण कळलं होतं. फक्त हुमनाबादला बस बदलताना पेटी उलटी झाली, आणि कुठलं कुठलं ते राहिलं नाही.

नळकांड्यांवर पूर्वी इंग्रजीत काहीतरी कोरलेलं असावं. पण नवाबाच्या नोकरांनी ती इतकी वर्षं राखेने घासली होती की सगळी आरशासारखी लखलखीत झाली होती. अप्पांनी आपल्या परीने तपास केला होता. एक नळकांडं चिलमीसारखं ओढून पाहिलं होतं, आणि ओढ चांगली आहे असं त्यांचं मत पडलं होतं. त्यावरून बंदुकीचं काही ठरेना. मग ते पेटी घेऊन आमच्या रानात आले.

"ए कॉलेज," ते म्हणाले, "तू सायन्सला हाईस न्हवं? ह्यातली घट्ट कोणची ते सांग."

मी तिन्ही हातात घेऊन बघितली. तिन्हींत माझी करंगळी सारखीच गेली. आतल्या व्यासात केसाएवढा फरक असणार, आणि तो मोजायचं साधन प्रयोगशाळेच्या कपाटात, गुलबर्ग्याला. मला काहीच सांगता येत नव्हतं. पण आबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझं एकही पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण प्रत्येक पुस्तकाला स्वतःच्या हाताने कव्हर घातलं आहे. म्हणून मी म्हणालो, प्रयोग करावा लागेल. तो शब्द उच्चारताच दोघांचेही चेहरे समाधानी झाले.

अडचण अशी होती की दोघांना प्रयोगातून उलट्या गोष्टी हव्या होत्या. अप्पांना घट्ट नळकांडं पाहिजे होतं. संक्रांतीला त्यांचे जावई येणार होते आणि अप्पांनी त्यांना कुलंग खाऊ घालायचा शब्द दिला होता. करकोचा जवळ येऊ देत नाही, म्हणून लांबून गठ्ठ्याने मारलं पाहिजे. आबांना सगळ्यात पसरट नळकांडं पाहिजे होतं. त्यांचा विचार असा की छर्रे जितके फाकतील तितके ते करकोच्याच्या आजूबाजूने जातील, तो घाबरेल, उडेल आणि जगेल. बंदूक अप्पांची होती आणि चालवायचा परवानाही त्यांचाच. पण करकोचे अप्पांच्या रानात उतरतच नव्हते. ते आमच्याकडे होते. शेवटी बांधावर बसून ठरलं की आधी परीक्षा करायची. मग आमच्या रानात अप्पांनी पसरट नळकांडंच लावायचं, आणि स्वतःच्या रानात काय लावायचं ते त्यांनी बघावं. माझ्यासमोर दोघांनी माना डोलावल्या. मला फार मोठं काम मिळाल्यासारखं वाटलं.

परीक्षेसाठी निशाण पाहिजे होतं, मोठं आणि सपाट. छर्ऱ्यांची भोकं कशी पडतात ते त्यावर दिसायला हवं. मी कोहिनूरच्या चहाच्या हॉटेलातून जुनी उर्दू वर्तमानपत्रं आणली. मायकडून जोंधळ्याच्या पिठाची दाट खळ करून घेतली. बाज एका अंगावर उभी करून तिच्यावर कागदावर कागद चिकटवले आणि उन्हात वाळायला ठेवून आम्ही अप्पांना बोलवायला गेलो. परत आलो तेव्हा बाजेभोवती अप्पांच्या शेळ्या होत्या. वर्तमानपत्रं संपली होती. एक शेळी खळ लागलेली सुंभं चाटत होती, आणि दुसरीच्या तोंडातून अर्धा मथळा लोंबत होता.

मी तिथे डोक्याला हात लावून उभा राहिलो. आमच्या प्राध्यापकांनी प्रयोगातल्या चुकांवर एक तास घेतला होता, त्यात हे आलं नव्हतं. माय पाठीमागून म्हणाली, "वैरण टांगून ठिवल्यावर शेळ्या काय वाचत बसतील व्हय?"

अप्पा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. बसले ते आमच्या आगटीजवळ. आबा हुरडा भाजत होते. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसलेली, तो गोडसर जळका वास, धुराने डोळ्यांत आलेलं पाणी. हुरडा खायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि ते गरम हिरवे दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. आबांनी कणीस चोळलं, फुंकर मारली, आणि मग त्यांचा हात थांबला. इतकी वर्षं अप्पांच्या रानात हुरडा त्यांनीच भाजला होता, पण अप्पांच्या हातावर कधी दिला नव्हता. कणसं भाजून पानावर ठेवायची आणि बाजूला व्हायचं, असंच चालत आलं होतं. अप्पा शेळ्यांकडे बघून अजून हसत होते. हसता हसता त्यांनी हात पुढे केला. दाणे त्यांच्या हातावर पडले. त्यांनी तोंडात टाकले आणि म्हणाले, थोडा अजून भाजायला पाहिजे होता. आबा म्हणाले, व्हय. एवढंच झालं. मी त्या वेळी कणसातल्या किडीकडे बघत असल्याचं नाटक केलं.

निशाणाचा प्रश्न आबांनी सोडवला. ते घरी गेले आणि पौर्णिमेच्या वंदनेला नेसतात ते पांढरं धोतर घेऊन आले. मी म्हणालो, हे नको. आबा म्हणाले, कापडाला काय जीव असतो? माय म्हणाली, "कापडाला नसंल, मला हाय. धुते मी."

तरी ते धोतर बांधलं गेलं. दोन बाभळींच्या मध्ये, लांबीच्या लांब. मी त्यावर कोळशाने ओळीने तीन करकोचे काढले, प्रत्येक नळकांड्याला एक. चित्रकला हा माझा विषय नव्हता. पहिला काठ्यांवर ठेवलेल्या घागरीसारखा झाला, दुसऱ्याची मान पोटातून निघाली. अप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला मारायचं कामून? हे आधीच मेलंय की."

अंतर ठरवायचं होतं. मी विचारलं, करकोचा किती जवळ येऊ देतो? त्यावर अप्पांनी एक जागा दाखवली आणि आबांनी बरीच मागची. मी मधोमध दगड ठेवला. अप्पा दगडाजवळ उभे राहिले. बंदूक खांद्याला लावली, डावा डोळा मिटला, मग चाप ओढायच्या आधी उजवाही मिटला. आवाज झाला. तळ्यावरून तो पलीकडे गेला आणि परत आला. हरभऱ्यातले करकोचे एकदम उठले, ओरडत फिरले आणि तळ्याच्या पल्याड गेले. आमचं कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. आम्ही धोतराकडे धावत होतो.

पहिल्या नळकांड्याने छर्रे सगळीकडे शिंपडल्यासारखे गेले होते. दुसऱ्याने दुसऱ्या करकोच्याच्या पोटाची चाळणी केली. अप्पांनी ते नळकांडं लगेच काढून आपल्या नेसत्या धोतराच्या सोग्यात बांधलं. तिसरं मधलं निघालं. प्रयोग यशस्वी झाला होता. मला खरंच आनंद झाला. पुस्तकाबाहेर माझ्या हाताने काहीतरी सिद्ध झालं होतं, आणि तेही शेळ्यांनी खाल्ल्याशिवाय.

मग आबा धोतराच्या मागे गेले. ऊन समोरून येत होतं. पहिल्या करकोच्याच्या मागे ते उभे होते, आणि भोकांतून आलेले उजेडाचे गोल ठिपके त्यांच्या सदऱ्यावर पडले होते. बहुतेक बाजूला, काही खांद्यावर, एक बरगडीपाशी, एक मांडीवर. आबांनी मान खाली घालून ते ठिपके बघितले. बरगडीवरच्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. बोटावरही तो ठिपका तसाच राहिला.

"हे लागलं असतं का रे?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, शक्यता कमी आहे. मी अजून काहीतरी सांगणार होतो, सरासरी वगैरे. तेवढ्यात अप्पा बोलले, आणि या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"शेजारी, खरं सांगू का. घट्टनं पाखरू जागच्या जागी पडतंय. ह्या पसरटनं एखादाच छर्रा लागतो. पाय मोडतो, पंख मोडतो. उडून जातंय आन् तळ्याच्या चिखलात चार दिस पडून मरतंय. म्या बघितलंय."

ज्याला मी सकाळपासून दयेचं नळकांडं समजत होतो, ते तिन्हींत सगळ्यात वाईट होतं. पुस्तकात आकृती असते, छर्ऱ्यांच्या वाटा रेघांनी दाखवता येतात. त्या रेघांच्या टोकाला चिखलात पडलेलं कोणी दाखवलेलं नसतं. मला माझ्या प्रयोगाचा आनंद एकदम जड वाटायला लागला.

आबा धोतरामागून बाहेर आले आणि म्हणाले, मग पाखरांवर धरूच नका. वर धरा.

अप्पांना पटेना. वर मारायचं तर नळकांडी तपासली कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पण एकदा मारून बघू म्हणून त्यांनी पसरट नळकांडं लावलं, बंदूक थेट डोक्यावर धरली आणि दोन्ही डोळे मिटून चाप ओढला. आवाज जाऊन आला. आम्ही कौतुकाने वर बघत होतो. मग आजूबाजूच्या हरभऱ्यात टपटप वाजायला लागलं. अप्पांच्या पटक्यावर, माझ्या मानेत, मायच्या पाटीत छर्रे पडले. लागले नाहीत कोणाला, पण माय म्हणाली की करकोचे नुसतं पीक खायचे, वरून काही टाकायचे नाहीत.

गंमत अशी की उपाय लागू पडला. त्या दिवशीच्या सगळ्या आवाजांनी करकोच्यांनी आमची पट्टी सोडली. एक दिवस गेला, दुसरा गेला, हरभऱ्यात एकही नाही. आबा सकाळी आंबेने ओल्या झालेल्या पायांनी रानभर फिरून यायचे आणि चहा घ्यायचे. त्यांच्या चहा घेण्यातही फरक पडला होता. बशीत ओतून, फुंकून, सावकाश. काढणीला थोडेच दिवस राहिले होते. मला वाटलं, झालं.

करकोचे गेले कुठे, हे मग कळलं. ते बांधापलीकडे गेले होते. माणिकअप्पांच्या हरभऱ्यात.

अप्पांना राग यायला पाहिजे होता. ते खूष झाले. आता रान त्यांचं, बंदूक त्यांची, आणि जावई दुसऱ्या दिवशी येणार. ते सकाळीच आले. तुरीच्या ओळीआड गुडघ्यावर बसले. बंदुकीच्या तोंडात घट्ट नळकांडं लखलखत होतं. मी, आबा आणि माय आमच्या पट्टीत तण काढत होतो. धुकं नुकतंच विरत होतं. करकोचे माना खाली घालून खात होते, अगदी जवळ, आणि अप्पांकडे त्यांची पाठ होती.

मी आबांकडे बघितलं. त्यांचा हात थांबला होता. ते गप्प राहिले असते तर कोणी त्यांना काही म्हटलं नसतं. रान दुसऱ्याचं, पाप दुसऱ्याचं. आणि पाखरं तिथून उठली तर कुठे जातील, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मायनेही बघितलं. ती हळूच म्हणाली, "बसा की खाली. आपलं काय जायलंय?"

आबा खरंच खाली बसले. अप्पांनी बंदूक खांद्याला लावली. डावा डोळा मिटला. त्या दिवशी उजवा उघडा राहिला.

आबा उठले. त्यांनी ढेकूळ उचललं नाही, गोफण शोधली नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि माळ्यावरची आरोळी दिली. "हाऽऽऽ होऽऽऽ". इतकी मोठी की मला त्यांचा आवाज एवढा आहे हे त्या दिवशी कळलं. करकोचे फडफडत उठले. वर गेले, एक गिरकी घेतली, आणि सरळ येऊन आमच्या हरभऱ्यात उतरले. एक बुजगावण्याशेजारी, बाकीचे मधोमध. माय होती तिथेच सरीत बसली.

अप्पा बांध ओलांडून आले. चेहरा लाल.

"शेजारी, माझी पाखरं कामून उठवलीत?"

"तुमची न्हाईत ती, अप्पा," आबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "माझीबी न्हाईत."

"मग बघा आता. तुमचा हरभरा खायलेत."

"खायलेत की."

अप्पा बघत राहिले. करकोचे आम्हाला आता फारसे भीत नव्हते. एकेक घाटा निवडून, पारखून, मान वाकडी करून खात होते. बंदुकीच्या टप्प्यात होते. आमच्या रानात घट्ट नळकांडं लावायचं नाही असं ठरलं होतं, पण ते बांधावर बसून, माना डोलावून ठरलेलं. कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि अप्पांना अडवायला तिथे कोणी नव्हतं.

त्या वर्षीचा आमचा हरभरा गावाने बघितला. गाडी भरून आला नाही, पण आला. संक्रांतीला अप्पांच्या जावयाने कोंबडी खाल्ली आणि ती झकास झाली होती असं ऐकलं. यंदा मी सुट्टीत जाईन तेव्हा काढणी चालू असेल. आबांनी निरोप पाठवला आहे की पाखरं आली आहेत. कुठल्या रानात, ते निरोपात नाही.

पण मला राहून राहून आठवते ती त्या सकाळची पुढची गोष्ट. अप्पांनी बगलेतली पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चावी दे. मी पेटी उघडून चावी दिली. थंडीने त्यांची बोटं नीट चालत नव्हती. आबांनी नळी धरली. अप्पांनी घट्ट नळकांडं फिरवून काढलं, खिशात टाकलं आणि पसरट बसवलं. मग आमच्या रानाच्या मधोमध जाऊन त्यांनी बंदूक आभाळाकडे धरली, दोन्ही डोळे मिटले आणि चाप ओढला. करकोचे उठले. उन्हात त्यांचे पंख पांढरे दिसत होते. ते दोन्ही रानांवर मोठं वर्तुळ घेत फिरायला लागले, आणि आबा आणि माणिकअप्पा बांधावर शेजारी शेजारी उभे राहून, कपाळावर हात धरून, पाखरं आता कोणाकडे उतरतात ते बघत राहिले.